साहेब बदलतात, खुर्ची तीच राहते

व्यापार-उद्योगाच्या पानावर नोकरीचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आमचे उत्तर सरळ आहे. हातातले कसब विकून जो पोट भरतो तो कारागीर. मग त्याच्या हातात धोटा असो, सुई असो की शॉर्टहँडची पेन्सिल. विद्यापीठात कुलगुरू, प्र-कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता यांच्या दालनाबाहेर बसणारा स्वीय सहायक हा असाच कारागीर आहे. त्याचा कारखाना म्हणजे एक टेबल, एक संगणक, दोन फोन आणि आत-बाहेर ये-जा करणाऱ्या फायली. त्याच्या मालाला भाव किती, त्याचा हुन्नर वाढतो की जागच्या जागी गंजतो, हा प्रश्न शुद्ध धंद्याचा आहे. शिवाय आता आमच्या व्यापारी व कारागीर घरांतील मुले आणि विशेषतः मुली टंकलेखन व लघुलेखनाच्या वर्गांना जाताना दिसतात. आईबाप फी भरतात ती कशासाठी, पुढे काय मिळणार, हे त्यांना कळले पाहिजे. म्हणून हा लेख.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: या नोकरीत शिरण्याचा रस्ता अवघड असला तरी स्पष्ट आहे. शिरल्यानंतरचा रस्ता मात्र कोणी आखलेलाच नाही. तीस-तेहतीस वर्षे माणूस एकाच खुर्चीवर बसतो. साहेब बदलतात, खुर्ची तीच राहते. यात नुकसान त्या माणसाचे आहेच, पण त्याहून जास्त विद्यापीठाचे आहे.

मुनीमजीची जात

ज्यांनी जुन्या पेढ्या पाहिल्या आहेत त्यांना मुनीम म्हणजे काय ते सांगायला नको. भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यावर मेहताजी असतो, इचलकरंजीकडे दिवाणजी म्हणतात. शेठ बाहेरगावी असला तरी कोणत्या व्यापाऱ्याची हुंडी कधीची, कोणाला उधार द्यायचे, कोणाला गोड बोलून परत पाठवायचे, हे त्याला ठाऊक. दुकानाचे गुपित त्याच्या पोटात. अमानत सांभाळणारा माणूस म्हणून त्याची इज्जत.

विद्यापीठातला स्वीय सहायक याच जातीचा आहे. लोकांना वाटते की तो फोन उचलतो, चहा सांगतो आणि 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणतो. प्रत्यक्षात काय काय असते ते पाहा. अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्यापरिषद यांच्या बैठकांच्या तारखा जुळवायच्या. कार्यक्रमपत्रिका वेळेत गेली की नाही ते पाहायचे. बैठकीचे टिपण घ्यायचे, इतिवृत्ताचा कच्चा मसुदा करायचा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज साहेबांच्या टपालात आला तर तो त्याच दिवशी जन माहिती अधिकाऱ्याकडे पोहोचवायचा, कारण २००५ च्या कायद्याने उत्तराला तीस दिवसांचीच मुदत आहे. दीक्षांत समारंभाला राज्यपाल कुलपती या नात्याने येणार असतील तर राजशिष्टाचाराचा कागद मिनिटामिनिटाने बरोबर हवा. नॅकची समिती यायची असेल तर पाच वर्षांपूर्वीचे पत्र कोणत्या कपाटात आहे हे त्यालाच विचारतात. विद्यार्थ्यांचे शिष्टमंडळ रागाने आले तर पहिला शब्द तोच बोलतो, आणि त्या पहिल्या शब्दावर पुढचा मोर्चा टळतो किंवा पेटतो.

हे सारे काम कोणत्याही नियमावलीत एका ओळीत संपते: 'वरिष्ठांनी वेळोवेळी सांगितलेली कामे.' ज्या मालाचे वर्णनच पावतीवर नाही त्याला भाव कोण देणार?

आत जाण्याचा रस्ता

आधी प्रवेशाचा हिशेब मांडू, म्हणजे वर्गाची फी भरणाऱ्या पालकांना उपयोग होईल. महाराष्ट्रात टंकलेखन आणि लघुलेखनाच्या शासकीय परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. टंकलेखन आता संगणकावर असते. शासकीय आणि विद्यापीठीय जाहिरातींत साधारणपणे तीन पायऱ्या दिसतात: लघुटंकलेखकाला मिनिटाला ८० शब्दांचे लघुलेखन, निम्नश्रेणी लघुलेखकाला १००, आणि उच्चश्रेणी लघुलेखकाला १२०. त्यासोबत मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द. संगणकाचे प्रमाणपत्रही लागते. बहुतेक मुले त्यासाठी २००१ पासून सुरू असलेला एमएस-सीआयटी अभ्यासक्रम करतात.

केंद्रीय विद्यापीठांत नावे थोडी वेगळी आहेत. आपल्याकडे वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय केंद्रीय आहे. हैदराबादेत १९९८ साली स्थापन झालेले मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ केंद्रीय आहे. तेथे पायऱ्या अशा: स्टेनोग्राफर, मग पर्सनल असिस्टंट, मग प्रायव्हेट सेक्रेटरी. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात या तीन पदांचे मूळ वेतन अनुक्रमे २५,५००, ३५,४०० आणि ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे वेगळे. यंत्रमागावर बारा तास उभे राहणाऱ्या बापाच्या नजरेतून हे आकडे लहान नाहीत.

वेग म्हणजे काय तेही समजून घ्यावे. कर्मचारी निवड आयोगाच्या स्टेनोग्राफर परीक्षेत वरच्या श्रेणीसाठी मिनिटाला १०० शब्दांनी दहा मिनिटे मजकूर सांगतात. म्हणजे हजार शब्द. ते इंग्रजीत चाळीस मिनिटांत आणि हिंदीत पंचावन्न मिनिटांत टंकून द्यायचे. हे कसब एका उन्हाळ्याच्या सुटीत येत नाही. रोज दोन तास धरले तर दीड-दोन वर्षे लागतात. जो क्लासवाला तीन महिन्यांत 'गॅरंटी' देतो त्याच्याकडून सावध राहावे.

उर्दू माध्यमातून शिकलेल्यांच्या वाटेत एक खास दगड आहे, तो आम्ही लपवणार नाही, कारण आमची शाळाही तीच. आयझॅक पिटमन यांनी १८३७ साली काढलेली लघुलिपी आवाज लिहिते, स्पेलिंग लिहीत नाही. म्हणून कान तयार असलेल्या मुलाला ती लवकर येते आणि त्यात उर्दूवाला कुठे कमी पडत नाही. अडचण येते ती रेघांचे परत मराठी करताना. आपल्या जिभेला 'ळ' आणि 'ण' यांची सवय नसते. 'बैठकीची वेळ' टंकताना 'बैठकीची वेल' झाली की वेगाचे सगळे गुण मातीत. ऱ्हस्व-दीर्घाचे तेच. यावर उपाय एकच, रोज मराठी वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचणे आणि अर्धे पान हाताने उतरवणे. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. राज्याचा कारभार मराठीत चालतो. ज्याला या राज्यात साहेबाच्या शेजारी बसायचे आहे त्याचे मराठी नुसते चालण्यापुरते असून भागत नाही, ते दाखवण्यासारखे हवे. आणि मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत वावरणारा सहायक कोणत्याही कार्यालयाला जड जाणार नाही.

पुढची पायरी कोठे आहे?

आता खरा मुद्दा. यंत्रमागावर कांडी भरणाऱ्या पोराला पुढची पायरी दिसते. तो उद्या माग चालवेल, परवा जॉबर होईल, नशिबाने साथ दिली तर चार माग भाड्याने घेईल. सगळे वर चढतात असे नाही, पण शिडी डोळ्यांसमोर असते.

विद्यापीठातल्या लिपिकालाही शिडी आहे. कनिष्ठ लिपिक, वरिष्ठ लिपिक, पुढे अधीक्षक किंवा कक्षाधिकारी, नंतर सहायक कुलसचिव, उपकुलसचिव. लघुलेखकांची शिडी मात्र अनेक ठिकाणी वेगळी ठेवलेली असते, आणि ती दोन-तीन पायऱ्यांवर संपते. त्यातही मौज अशी की त्याची पायरी त्याच्या कामावर ठरत नाही, साहेबाच्या पदावर ठरते. मोठ्या साहेबाकडे मोठा लघुलेखक, छोट्या साहेबाकडे छोटा. वरची जागा रिकामी व्हायला वरचा सहायक निवृत्त व्हावा लागतो. तोपर्यंत खालच्याने कितीही शिकावे, त्याचा उपयोग शून्य.

दुसरी गोष्ट साहेबांच्या मुदतीची. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची असते. पंचविसाव्या वर्षी लागलेला सहायक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत सहा-सात कुलगुरू पाहतो. प्रत्येक नवे साहेब आले की त्याची परीक्षा पुन्हा पहिलीपासून. आधीच्या साहेबांनी तोंडी दिलेली शाबासकी त्यांच्याबरोबर निघून जाते. कागदावर उरतो तो गोपनीय अहवाल, आणि त्यात 'चांगले', 'अतिशय चांगले' यापलीकडे फारसे काही नसते. कोणता अवघड समारंभ पार पाडला, कोणती फायलींची पद्धत बसवली, कोणता घोळ वेळेवर थांबवला, याची नोंद कोठेही नाही. दुकान बदलले की जुने चोपडे फेकून द्यावे, तसा हा प्रकार.

आमच्या परिचयातील एका यंत्रमागधारकाची मुलगी एका विद्यापीठात लघुलेखक आहे. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. नोकरी लागली तेव्हा तिच्या बापाने मोहल्ल्यात पेढे वाटले. आज तिला सतरा वर्षे झाली. या काळात तिने दूरशिक्षणाने एम. कॉम. केले. बैठकीचे इतिवृत्त ती असे लिहिते की प्राध्यापक मंडळी बोट ठेवत नाहीत. पण कक्षाधिकाऱ्याच्या जागेसाठी तिने विचारणा केली तेव्हा सांगितले गेले की तुमचा संवर्ग वेगळा. तिने आम्हाला विचारले, "चाचा, पगार दरवर्षी थोडा वाढतो, मग मी पुढे गेले असे म्हणायचे का?" आम्ही म्हणालो, "बेटी, कापड गोदामात पडून राहिले आणि बाजारात भाव वाढला, तर त्याला धंदा म्हणत नाहीत."

हाच फरक लोक विसरतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यातील विद्यापीठे व महाविद्यालयांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकून संप केला. त्यांच्या मागण्यांत दहा, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेनंतर वाढीव वेतनश्रेणी देणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेची मागणी होती. ती मागणी रास्त होती, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण वेतनश्रेणी वाढली आणि काम तेच राहिले, जबाबदारी तीच राहिली, तर पोट भरते, हुन्नर वाढत नाही. माणसाला दोन्ही हवे असते.

शॉर्टहँडचा भाव उतरतो आहे

कोणी म्हणेल, चालले आहे तसे चालू द्या, नोकरी पक्की आहे ना? आम्ही बाजारात बसणारी माणसे आहोत. बाजाराचा एक धडा असा की ज्या कारागिराला एकच नक्षी येते तो मंदीत सर्वांत आधी घरी बसतो.

टाइपरायटरचे काय झाले ते आठवा. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे टाइपरायटर बाजारात आणले तेव्हा ती अभिमानाची गोष्ट होती. २००९ मध्ये त्यांनी उत्पादन थांबवले. ज्यांच्या बोटांत फक्त यंत्राचा वेग होता त्यांचा भाव गेला. ज्यांच्याकडे मसुदा लिहिण्याची अक्कल होती ते संगणकावर बसले आणि टिकले. मराठीतही तेच घडले. जुन्या फॉन्टांत केलेले काम दुसऱ्या संगणकावर उघडले की नुसती चिन्हे दिसत. ज्यांनी वेळीच युनिकोड आणि इनस्क्रिप्टचा कळफलक आत्मसात केला त्यांना कार्यालयात मान मिळाला.

आज तिसरी लाट आली आहे. फोनसमोर बोलले की मराठी अक्षरे उमटतात. बैठकीचे ध्वनिमुद्रण टाकले की यंत्र त्याचा सारांश करून देते. फायली ई-ऑफिसवर चालल्या आहेत. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची 'समर्थ' प्रणाली विद्यापीठांत येत आहे. त्यात प्रवेशापासून रजेपर्यंत सर्व नोंदी संगणकावर. अशा वेळी मिनिटाला शंभर शब्द हे एकटे भांडवल पुरणार नाही.

पण यंत्राला काय जमत नाही तेही पाहा. बैठकीत दहा माणसे एकदम बोलली. त्यातले कोणते इतिवृत्तात जायचे आणि कोणते नाही, हे यंत्राला कळत नाही. 'विचार करू' हा होकार होता की नकार, हे साहेबांच्या आवाजावरून सहायकाला कळते. यंत्राने केलेल्या सारांशात ठरावाचा अर्थ उलटा झाला तर तो पकडणारा माणूस लागतो. गोपनीय कागद कोणत्या यंत्रात टाकायचा नाही, हे ठरवायलाही माणूसच लागतो. म्हणजे वेगाचा भाव उतरतो आहे आणि विवेकाचा भाव चढतो आहे. दुःख एवढेच की आमची भरती अजून वेगाची परीक्षा घेते आणि विवेकाचे शिक्षण कोणीच देत नाही.

बाहेर काय चालते

इतर देशांत या कामाला स्वतंत्र पेशा मानण्याची धडपड जुनी आहे. अमेरिकेत सचिवांची राष्ट्रीय संघटना १९४२ साली निघाली आणि १९५१ पासून तिने स्वतःची प्रमाणपत्र परीक्षा सुरू केली. म्हणजे साहेबाने चांगले म्हटले म्हणून नव्हे, तर पेशातल्या जाणत्यांनी तपासले म्हणून माणूस चांगला ठरू लागला. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या प्रशासकीय कर्मचाऱ्यांची व्यावसायिक संघटना आहे. या पेशातली माणसे कोणत्या गुणांत कशी वाढली पाहिजेत याची चौकट तिने आखली. २०२१ मध्ये वेगवेगळ्या देशांतील सहायकांच्या संघटनांनी मिळून कामाचे पाच स्तर मांडले. साध्या कार्यालयीन मदतीपासून संस्थेच्या प्रमुखाचा भागीदार म्हणून काम करण्यापर्यंत कोणत्या स्तरावर काय यायला हवे, ते त्यात लिहिले आहे.

यात आम्हाला परदेशाचे कौतुक करायचे नाही. मुद्दा शिडी लिहून काढण्याचा आहे. आमच्या विणकरांत उस्ताद-शागिर्दाची रीत होती. कोण कोणाचा शागिर्द, कोणाला जॅकार्डचे काम येते, कोणाला फक्त साधे विणता येते, हे साऱ्या बाजाराला माहीत असे. लेखी नसले तरी स्तर होते. विद्यापीठात लेखीही नाहीत आणि तोंडीही नाहीत.

विद्यापीठांनी काय करावे

आम्ही बाहेरचे आहोत, पण विद्यापीठ जनतेच्या पैशावर चालते. म्हणून सांगण्याचा हक्क आहे. आमच्या सूचना मोठ्या खर्चाच्या नाहीत.

पहिली सूचना, कामाची वार्षिक नोंद. प्रत्येक सहायकाने वर्षअखेर एक पान लिहावे: कोणती कामे पार पाडली, काय नवीन शिकला, काय शिकायचे राहिले. त्यावर साहेबांची आणि आस्थापना विभागाची सही असावी. साहेब गेले तरी पान राहील.

दुसरी सूचना, दालनाबाहेरचा अनुभव. दर चार-पाच वर्षांनी सहायकाला काही महिने परीक्षा, लेखा, आस्थापना किंवा शैक्षणिक विभागात बसवावे. साहेब म्हणतील, आमची गैरसोय होईल. आम्ही म्हणतो, ज्या दुकानाचे काम एका मुनीमाच्या रजेने बंद पडते त्या दुकानाची घडीच चुकलेली आहे. दोघांना काम येत असले तर दोघेही रजा घेऊ शकतात.

तिसरी सूचना, भिंतीत दार. आवश्यक सेवा आणि पात्रता असलेल्या लघुलेखकाला विभागीय परीक्षा देऊन कक्षाधिकाऱ्याच्या वाटेवर येता यावे. जागा फुकट द्या असे आमचे म्हणणे नाही. परीक्षेला बसू द्या, एवढेच. केंद्रीय विद्यापीठांत सहायक कुलसचिव पदाचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते आणि थेट भरतीसाठी ५५ टक्क्यांची पदव्युत्तर पदवी मागतात. कित्येक सहायकांकडे ती पदवी आज आहे. त्यांनी कुलसचिवांचे काम वीस वर्षे जवळून पाहिले आहे. असा माणूस दाराबाहेर ठेवून बाहेरून नवखा आणायचा, हा कुठला व्यापार?

चौथी सूचना, वर्षाला चार-पाच दिवसांचे खरे शिक्षण. मसुदालेखन, माहितीचा अधिकार, विद्यापीठ कायदा, युनिकोड, ई-ऑफिस, नव्या यंत्रांचा सुरक्षित वापर. पुण्यात यशदासारखी संस्था आहे. विद्यापीठात तर कायद्याचे, वाणिज्याचे, संगणकाचे विभाग अंगणातच आहेत. जगाला शिकवणारे विद्यापीठ आपल्या दारातल्या माणसाला शिकवत नाही, हे दिव्याखालच्या अंधारासारखे आहे.

पाचवी सूचना, 'स्वीय' आणि 'खासगी' यांतली रेघ. सहायक पदाचा असतो, घराचा नसतो. साहेबांच्या घरचे वीजबिल, गॅसचा सिलिंडर, मुलांचे रेल्वेचे आरक्षण ही त्याची कामे नव्हेत. ती करून घेणाऱ्याला छोटी गोष्ट वाटते, करणाऱ्याचा दिवस आणि इभ्रत दोन्ही जातात. स्त्री सहायकांच्या बाबतीत तर ही रेघ जाड शाईने ओढलेली असावी. आणि कंत्राटावर घेतलेल्या सहायकांनाही नोंदवही, शिक्षण आणि अनुभवाचे प्रमाणपत्र मिळाले पाहिजे. त्यांना पगार कमी आणि ओळखही नाही, हा दुहेरी तोटा आहे.

सहायकांनी स्वतः काय करावे

सर्व काही शासन आणि विद्यापीठाने करावे, ही वाट पाहण्यात उमर निघून जाते. जे आज या खुर्चीवर आहेत त्यांनी काही गोष्टी स्वतः कराव्यात. आपल्या कामाची डायरी ठेवावी, गुपिताची नव्हे, कामाची. पदवी नसेल तर ती घ्यावी. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरदारांसाठीच उघडलेले दार आहे. २०१७ पासून केंद्र शासनाच्या 'स्वयम्' वर घरबसल्या अभ्यासक्रम करता येतात. दरवर्षी एक नवे कसब: या वर्षी हिशेबाचे तक्ते, पुढच्या वर्षी इंग्रजी मसुदा, त्यापुढे विद्यापीठ कायदा.

आणखी एक. एका विद्यापीठातील सर्व सहायकांनी महिन्यातून एकदा तासभर एकत्र बसावे. प्रत्येक जण आपापल्या दालनात एकटा असतो. एकाला जी युक्ती दहा वर्षांपूर्वी सापडली ती दुसरा आजही शोधतो आहे. व्यापारी एकमेकांचे स्पर्धक असूनही बाजारभाव विचारण्यासाठी चहाला बसतात. इथे तर स्पर्धाही नाही.

आणि नव्या आलेल्याला शिकवण्यात कंजूषी करू नये. 'मला आले की माझी जागा पक्की' ही समजूत खोटी आहे. ज्याच्या हाताखाली चार शागिर्द तयार झाले त्यालाच बाजार उस्ताद म्हणतो.

आमच्या घरांसाठी दोन शब्द

व्यापारी व कारागीर बंधूंनो, मुलगी शॉर्टहँड शिकते म्हणते तेव्हा 'लग्नापर्यंत वेळ जाईल' अशा हिशेबाने तिला वर्गात पाठवू नका. हे दीड-दोन वर्षांचे कष्टाचे काम आहे. तिला घरात शांत कोपरा, रोज दोन तास आणि एक मराठी वर्तमानपत्र एवढे तरी द्या. मुलगा 'मशीन बोलले की टाइप होते, मग शिकू कशाला' म्हणाला तर त्याला सांगा, परीक्षेला अजून वेग लागतो आणि परीक्षेनंतर अक्कल लागते. दोन्ही सोबत कमवावे लागते. नोकरी लागली म्हणजे काम संपले असेही समजू नका. पेढे वाटून झाल्यावर पाचव्या, दहाव्या वर्षी विचारा की बेटा, नवीन काय शिकलास. आपण मागाला तेल घालतो, मालाला हवा दाखवतो. माणसाच्या हुन्नरालाही तीच निगा लागते.

मुंबई विद्यापीठ १८५७ चे आहे. तेव्हापासून आजवर किती कुलगुरू आले आणि गेले, त्यांच्या तसबिरी भिंतीवर आहेत. त्यांची पत्रे ज्यांनी लिहिली, त्यांच्या बैठका ज्यांनी उभ्या केल्या, त्यांच्या तसबिरी कोणी मागत नाही. मागणी लहान आहे: केलेल्या कामाची नोंद, शिकण्याची संधी आणि पुढच्या पायरीसाठी परीक्षेला बसण्याचा हक्क. विद्यापीठांच्या व्यवस्थापन परिषदांवर जे सदस्य आहेत, त्यांत आपल्या ओळखीचे असतील तर हा विषय त्यांच्या कानावर घालावा. पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत तो आला, तर ती पत्रिका टंकणारा सहायक त्या ओळीवर क्षणभर नक्की थांबेल.